तिच्याच कुळातलं इंजिन

पुरात बुडालेल्या गाडीला सेल्फ मारायचा नसतो, हे सांगलीत आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पाणी ओसरलं की गाडी ढकलत वर आणायची, प्लग काढायचे, क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरतंय का बघायचं, आणि मगच पुढचं बोलायचं. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आपटतो. हवा दबते, पाणी दबत नाही. मग वाकतो तो पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी उतरल्यावर गावात जी हळहळ चालली होती ती घरांची, दुकानांची, भिजलेल्या धान्याची, जनावरांची. त्या सगळ्यापुढे गाडीचं दुःख बोलून दाखवायला संकोच वाटायचा. म्हणून तेव्हा गप्प राहिलो. आता लिहितोय.

माझ्या मामांची टोयोटा सेलिका त्या पाण्यात होती. १९८४ चं मॉडेल. दोन दारं, लांब नाक, मागं उतरत गेलेली काच, आणि बटण दाबलं की झाकणासकट वर उठणारे हेडलाइट. मामा मस्कतला एका कंपनीत विजेच्या दुरुस्तीखात्यात होते. तिथं त्यांनी ती सेकंडहँड घेतली आणि १९८८ मध्ये कायमचे परत आले तेव्हा बोटीनं मुंबईला आणली. ड्यूटी भरताना मामींच्या पाटल्या गेल्या. मुंबईहून खंबाटकीचा घाट चढून ती सांगलीला आली त्या दिवशी गल्लीतल्या पोरांनी हेडलाइट वर-खाली करायला लावून लावून बॅटरी उतरवली, असं आई अजून सांगते.

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. आपल्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला चालू स्थितीतला यांत्रिक किंवा विजेवरचा इशारा असलाच पाहिजे असं स्वतंत्र कलम आहे, आणि मामा इंडिकेटरचे बल्ब त्या कलमाला स्मरून तपासायचे. पण कायद्यानं न सांगितलेलं काम मामी करायच्या. उसाच्या हंगामात तासगाव रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पुढं असतात. डावीकडे बसून गाडी चालवणाऱ्याला त्या ट्रॉलीपलीकडचं काही दिसत नाही. उजव्या सीटवर मामी. मान जराशी बाहेर काढून, पदर दाबून धरून त्या बघायच्या आणि सांगायच्या, “थांबा. एसटी हाय. अजून थांबा. हां, आता घ्या.” मामा त्या ‘घ्या’वर विनाशंका गिअर खाली टाकून पुढं काढायचे. मामींना स्वतःला गाडी येत नाही, पण समोरून येणाऱ्या एसटीला किती वेळ लागेल आणि आपल्या गाडीला किती लागेल याचा त्यांचा हिशेब कधी चुकलेला मी पाहिला नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढं इंजिन कुठलं घालायचं यावर जो काथ्याकूट झाला त्यात हा हिशेब मोलाचा ठरला.

ही गाडी पुरात सापडायचं कारण साधं होतं. २००५ च्या पुराची खूण मामांच्या भिंतीवर आहे, आणि गाडीची जागा त्या खुणेच्या वर, चौथऱ्यावर होती. २०१९ चं पाणी ती खूण बुडवून बरंच वर गेलं. माणसं आधीच विश्रामबागला नातेवाइकांकडे हलवली होती. गाडी कार्ब्युरेटरच्याही वर पाण्यात उभी राहिली, आणि तीही दिवसच्या दिवस.

पाण्यापेक्षा गाळ वाईट. कृष्णेचा हा गाळ इतका बारीक असतो की ओला असताना चिमटीत घेतला तर कण म्हणून जाणवत नाही. वाळला की स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडावा लागतो. एअर फिल्टरमधून, सायलेन्सरच्या नळीतून, डिपस्टिकच्या भोकातून तो आत जातो आणि जिथं पाणी थांबलं तिथं बसतो. मिरजेचे जे मिस्त्री मामांची गाडी पहिल्यापासून बघतात, त्यांनी प्लग काढून पहिल्या भोकात बॅटरी मारली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुलीला पाना लावला. पाना हलला नाही. शेवटी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं तेव्हा दिसलं ते असं: दोन सिलिंडरांत इनटेकचे, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे, व्हॉल्व्ह उघडे राहिले होते, त्यातून पाणी आत गेलं होतं आणि बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या पोकळीच्या, भिंतीला गंजाचे खड्डे पडले होते. नख फिरवलं की अडकत होतं.

“बोअर मारून घेतला तर?” मामांनी विचारलं.

“किती मारणार, साहेब? हे खड्डे बघा की. ह्याला आतून नव्या नळ्या, स्लीव्ह, टाकायला लागतील. स्लीव्ह टाकल्या तर क्रँकला पण डाग पडल्यात. क्रँक घासला तर हेड राहिलं, त्याच्या पाण्याच्या वाटा खाल्ल्यात. एकेक करत गेलं तर जुनं म्हणून फक्त नंबर राहील.”

इंजिनाचं नाव २२-आर. २३६६ सीसी, चार सिलिंडर, ९२ मिलिमीटरचा बोअर आणि ८९ चा स्ट्रोक. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, वरती एकच कॅमशाफ्ट आणि तो फिरवायला साखळी. १९८१ पासून टोयोटानं हेच इंजिन सेलिकातही घातलं आणि हायलक्स पिकअपमध्येही. आखातात, आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात ज्या हायलक्सनी वाळू आणि मेंढ्या वाहिल्या त्यांचं आणि या नाकाड्या देखण्या गाडीचं हृदय एकच. मला ही गोष्ट फार आवडते. खेळासाठी म्हणून केलेल्या गाडीला कष्टाचं इंजिन. म्हणूनच ती चाळीस वर्षं टिकते.

आणि नुसतं दिसणं नव्हतं तिचं. सेलिका १९७० मध्ये आली, २००६ पर्यंत सात पिढ्या झाल्या. मामांची तिसऱ्या पिढीतली, १९८१ मध्ये आलेली, आणि मागची चाकं ओढणारी सेलिकांची शेवटची पिढी. १९८५ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीपासून ओढ पुढच्या चाकांवर गेली. ह्याच तिसऱ्या पिढीच्या टर्बो सेलिकानं पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली १९८४, ८५ आणि ८६ अशी लागोपाठ तीन वर्षं जिंकली. त्या गाडीचं इंजिन वेगळं होतं, मामांच्या गाडीत ती ताकद नव्हती. पण ज्या बैठकीवर ती रॅलीची गाडी उभी केली ती बैठक हीच.

आता इंजिन बदलायचं ठरलं म्हटल्यावर ज्याला त्याला मत फुटलं. पहिलं मत डिझेलवाल्यांचं. आपल्याकडे क्वालिस होती, तिच्यात टोयोटाचंच २४४६ सीसीचं डिझेल इंजिन यायचं, भंगारात ते मिळतं, सुटे भाग मिळतात, मायलेज मिळतं. ऐकायला सगळं बरोबर. दुसरं मत माझ्या मामेभावाचं आणि त्याच्या पुण्यातल्या मित्रांचं: एवढी खोलली आहे तर सहा सिलिंडरचं २-जेझेड टाकू, तीन लिटर, सुप्रावालं. तिसरं मत, विकून टाका.

तिसऱ्याबद्दल बोलायला नको. पहिल्या दोन्हींबद्दल मला मनापासून काही सांगायचं आहे, आणि हा लेख लिहायचं कारण तेच आहे.

गाडीत इंजिन ही एक वस्तू म्हणून नसते. २२-आर किती वजनाचं आहे ते धरून पुढच्या स्प्रिंगा निवडलेल्या असतात. ते किती तापतं ते धरून रेडिएटर. किती जोर देतं ते धरून क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, मागचा डिफरन्शियल आणि शेवटी ब्रेक. यातला एक आकडा दुप्पट केला की बाकीचे सगळे अपुरे पडतात, आणि ते एकदम नाही पडत, पाळीपाळीनं पडतात. आधी क्लच घसरतो, मग रेडिएटर उकळतो, मग मागच्या ॲक्सलमधून आवाज येतो. दर वेळी माणूस म्हणतो, एवढं झालं की झालं. डिझेलचं दुखणं उलट दिशेनं: पुढं वजन वाढतं, नाक जमिनीकडे झुकतं, स्टिअरिंग जड होतं आणि इंजिन वर फिरायच्या आधीच दमतं. ट्रॅक्टरच्या पुढं काढताना मामा जो खालचा गिअर टाकून सुई वर न्यायचे, त्या जागी डिझेलकडे काहीच नाही. मामींचा ‘आता घ्या’ त्या गाडीत चुकला असता. हे मी त्या चर्चेत बोललो आणि मामी लगेच म्हणाल्या, “मग नकोच ते.”

सहा सिलिंडरची गोष्ट तर खुद्द टोयोटानंच निकालात काढलेली आहे. १९७८ मध्ये त्यांना सेलिकात सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन बसवायचं होतं. आहे त्या नाकात ते मावेना. मग त्यांनी पुढचा भागच लांबवला आणि त्या गाडीला वेगळं नाव दिलं, सेलिका सुप्रा. तिसऱ्या पिढीतही तेच, सुप्राचं नाक सेलिकापेक्षा लांब. ज्यांनी गाडी काढली त्यांना सहा सिलिंडरसाठी पत्रा वाढवावा लागला, आणि आपण मिरजेच्या शेडमध्ये इंजिनामागचा पत्रा, फायरवॉल, ठोकून ती जागा करायची? करता येते. जगात लोकांनी केली आहे. पण मग ती सेलिका राहत नाही, आणि मामांना सेलिकाच हवी होती.

कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच उचलून धरलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, त्याच बनावटीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन, आणि नंतर आरसीवर नव्या नंबरची नोंद. लोक याला कटकट म्हणतात. मला ते शहाणपणाचं वाटतं. इंजिनाबरोबर ब्रेक बदलले का, हे रस्त्यावर समोरून येणाऱ्याला कसं कळणार?

तर शोध सुरू झाला तो २२-आरचाच. मध्ये टाळेबंदी आली, वर्ष तसंच गेलं. नंतर मामेभाऊ आणि मी मिस्त्रींना घेऊन मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात गेलो. तिथं इंजिनं रांगेनं मांडलेली असतात, खाली तेलानं काळी झालेली फरशी, आणि प्रत्येकाच्या हेडवर खडूनं काहीतरी लिहिलेलं. आमच्या इंजिनाला दुकानदार म्हणाला हायलक्सचं आहे, दुबईहून आलंय. मिस्त्री खाली बसले, तळाच्या तेलाच्या भांड्याकडे, म्हणजे चेंबरकडे, बघितलं आणि म्हणाले, बरोबर. पिकअपच्या आणि सेलिकाच्या चेंबरचा आकार वेगळा असतो, कारण खालून जाणारा आडवा दांडा, क्रॉसमेंबर, वेगळा. मग हवा-पेट्रोल आत नेणारा इनटेक मॅनिफोल्ड सैल करून हेडची भोकं बघितली. गोल होती. १९८५ मध्ये टोयोटानं या इंजिनाचं हेड आणि ब्लॉक दोन्ही बदलले, आणि तेव्हापासून ती भोकं गोल राहिली नाहीत, एका बाजूनं चपटी झाली. आपल्याला जुनी पद्धत हवी होती, म्हणजे आपला मॅनिफोल्ड आणि आपला कार्ब्युरेटर तसाच बसला असता. शेवटी पुलीला पाना लावला. फिरलं. चारही सिलिंडरांत कंप्रेशन मोजलं, आकडे एकमेकांच्या जवळ होते. बिलावर इंजिन नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हे मामांनी निघतानाच बजावलं होतं. बिल नसेल तर इंजिन कितीही चांगलं असो, आरटीओच्या दारात ते लोखंडच.

सांगलीला आणल्यावर मिस्त्रींनी ते लगेच गाडीत टाकलं नाही. आधी पुढचं कव्हर खोललं. १९८३ पासून या इंजिनाला एकपदरी साखळी आली आणि तिला सरळ धरायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या आल्या. वर्षांनुवर्षं तापून त्या पट्ट्या ठिसूळ होतात आणि तुटतात. मग सैल साखळी ॲल्युमिनियमच्या कव्हरला आतून घासायला लागते. त्या भिंतीपलीकडे पाण्याची वाट आहे. भिंत झिजून आरपार झाली की रेडिएटरचं पाणी इंजिन ऑइलमध्ये उतरतं, आणि चालवणाऱ्याला आधी फक्त सुरू करताना एक खळखळ ऐकू येते. आमच्या या इंजिनाची डावी पट्टी तुटलेली होती. तिचा तुकडा चेंबरमध्ये सापडला. कव्हरवर चर पडली होती, पण भोक नव्हतं. साखळी, दाते, टेन्शनर नवे घातले, आणि प्लॅस्टिकच्या जागी लोखंडी पाठीच्या पट्ट्या. माझं सांगणं एवढंच की जुनं २२-आर कुणाकडूनही घ्या, कितीही गोड चालू द्या, हे कव्हर उघडल्याशिवाय गाडीत बसवू नका. बाहेर असताना हे काम सोपं. गाडीत गेल्यावर तेच काम रेडिएटरपासून खोलायला लावतं.

हेड काढतानाचा एक प्रकार सांगण्यासारखा आहे. या इंजिनात हेडचे दहा मोठे बोल्ट काढले तरी हेड सुटत नाही. पुढच्या बाजूला, कॅमच्या दात्यासमोर, डिस्ट्रिब्युटर फिरवणाऱ्या गिअरच्या खाली एक खळगा आहे. त्यात तेल साचलेलं असतं, आणि त्या तेलाच्या तळाशी आणखी एक बोल्ट असतो, हेडला पुढच्या कव्हरशी धरणारा. ज्याला माहीत नाही तो पहार घालतो, आणि कव्हर फुटतं. मिस्त्रींनी कापडाचा बोळा त्या खळग्यात घातला, तेल टिपून घेतलं, आणि हाताखालच्या पोराला बोलावून म्हणाले, “बोट घाल. लागतंय काही?” पोरानं बोट घातलं आणि त्याचं तोंड उजळलं. ते पोर तो बोल्ट आता आयुष्यभर विसरणार नाही. पुस्तकात हे चित्रासकट आहे, पण तेलात बोट बुडवून शिकलेलं वेगळं.

क्रँक आणि हेड कोल्हापूरला उद्यमनगरात नेले. सांगली-मिरज-कोल्हापूर हा पट्टा लोखंडाला आणि तेलाला लाजणारा नाही. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून इथं नांगर, पंप, इंजिनं ओतणारे, घासणारे, तासणारे हात तयार झाले, आणि त्या हातांखाली आणखी हात. तुम्ही लेथवाल्याच्या पुढ्यात परदेशी गाडीचा क्रँक ठेवला तर तो बिचकत नाही. तो आधी पुसतो, मग मायक्रोमीटर लावतो, चार ठिकाणी, आडवा आणि उभा. आमचा क्रँक घासायची गरज निघाली नाही, नुसता पॉलिश केला. हेड मात्र तापून किंचित वाकलेलं होतं, ते प्लेन करून घेतलं. जुन्या गाड्यांच्या गप्पांत मुंबई-पुण्याच्या मोठ्या गॅरेजांची नावं फार निघतात. ही कामं खरी होतात ती अशा दहा बाय पंधराच्या गाळ्यांत, आणि तिथल्या माणसाचं नाव कुठल्या फोटोखाली येत नाही याचं मला वाईट वाटतं.

बसवताना जे जुन्या इंजिनाचं ठेवता आलं ते ठेवलं. चेंबर आणि आतली तेलाची जाळी सेलिकाची, फाउंडेशनचे ब्रॅकेट सेलिकाचे, फ्लायव्हील सेलिकाचं, गाळ धुऊन काढून घासून घेतलेलं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकच्या टोकाचं पायलट बेअरिंग आणि मागचं ऑइल सील नवं. हे भाग जुने ठेवून पैसे वाचवले की पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते. रबरी नळ्याही सगळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या. पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण वाढत चाललं होतं, आता तर वीस टक्क्यांवर आहे, आणि १९८४ च्या रबराला ते मानवत नाही.

मग चेनकप्पीला लटकलेलं इंजिन गाडीच्या नाकावर आलं. इथं घाई केली तर सगळं जातं. गिअरबॉक्स खालून जॅकवर धरलेला, इंजिन वरून साखळीवर, पुढून जरा उचललेलं आणि मागून झुकलेलं. गिअरबॉक्सचा स्प्लाइन शाफ्ट क्लच प्लेटच्या दात्यांतून जाऊन पायलट बेअरिंगमध्ये शिरला पाहिजे. शाफ्ट दिसत नाही. हातालाच कळतो. मिस्त्री गाडीखाली, मामेभाऊ साखळीवर, आणि माझ्या हातात पुलीचा पाना. “अजून जरा फिरव. थांब. मागं घे, केसभर.” इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात बोटभर फट राहिली होती आणि ती मिटेना. मी म्हटलं बोल्ट लावून ओढून घेऊ. मिस्त्री खालूनच ओरडले, “बोल्टनं वढायचं नाही! हातानं भिडलं पाहिजे.” बोल्टनं ओढलं की क्लच प्लेटचा मधला तुंबा वाकतो, किंवा गिअरबॉक्सचा कान तुटतो. जॅक एक दात खाली घेतला, मी पुली पुन्हा फिरवली, आणि ‘टक’ असा बारीक आवाज होऊन फट मिटली. कुणी काही बोललं नाही. चहा मागवला.

कोरडं इंजिन सुरू करायचं नाही. या इंजिनाचा ऑइल पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर असतो. त्याच्या दात्यांत व्हॅसलीन भरून ठेवलं होतं, म्हणजे पहिल्या फेऱ्यात त्याला तेल खेचायला पकड मिळते. फिल्टरमध्ये तेल ओतून मगच तो चढवला. कॉईलची वायर काढून ठेवली आणि थांबत थांबत सेल्फ मारत राहिलो, मीटरवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. तो विझल्यावर वायर लावली. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२, मामेभावानं मोठ्यानं म्हणत एकेक वायर तपासली. मामा आत बसले, डावीकडे. सुरू झालं ते आधी खोकत, मग एकदम. गाळाचा वास असलेला धूर सायलेन्सरमधून आला आणि जरा वेळानं तो पांढरा होत होत दिसेनासा झाला.

खरं काम त्यानंतरचं. इंजिन पूर्ण तापल्यावर टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट, लावायचे असतात: इनटेकला ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.३० मिलिमीटर. फीलर गेजची पट्टी रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये घालायची, स्क्रू आवळायचा, नट धरायचा, पट्टी ओढून बघायची. आठ व्हॉल्व्ह. मिस्त्रींनी पट्टीनं लावले आणि मग कव्हर चढवून इंजिन सुरू करून लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेडवर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकत उभे राहिले. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस फिरवतो आणि तार छेडून असाच ऐकतो. गेज त्याच्याकडेही नसतो आणि पुढं काय घासायचं ते त्याला कळतं. मिस्त्रींनी पुन्हा कव्हर काढलं आणि तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट पुन्हा लावला. मला दोन्ही आवाजांत फरक कळला नाही. मामांना कळला.

आरटीओत मामा आणि मी गेलो. परवानगीचा अर्ज आधीच मंजूर होता. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं, बिलावरचा नंबर वाचला आणि ब्लॉकवरच्या कोरलेल्या नंबरवर चिकटपट्टी लावून पेन्सिल घासली. एकेक अंक उमटत गेला. कुर्ल्याच्या काळ्या फरशीवर ज्याला नाव नव्हतं, त्या लोखंडाला त्या पट्टीवर नाव मिळालं. अधिकारी तरुण होते. त्यांनी विचारलं, “हेच इंजिन कशाला शोधत बसलात? सोपं काहीतरी मिळालं असतं की.” मामा म्हणाले, “हिचं हेच आहे, साहेब.” त्यांनी मान हलवली आणि हेडलाइट वर करून दाखवायला सांगितले. पुढं एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरच्या आयात गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ४० हजारांवर गेलं. पेन्शनवरच्या माणसाला ती रक्कमही जड होती, आणि जी गाडी एकाच घरात, एकाच नावावर इतकी वर्षं सांभाळली गेली तिला याहून हलकी वागणूक मिळायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

इंजिन बदललेली गाडी चालवायला कशी लागते, असं लोक विचारतात. मामा म्हणतात, तशीच. तासगावच्या वाटेवर द्राक्षबागा लागल्या की ते तिसऱ्यात टाकतात, सुई वर जाते, आणि मामी उजवीकडून रस्ता बघत असतात. मला जरासा फरक वाटतो: खालून ओढ थोडी जास्त आहे. कंप्रेशन नवं आहे आणि साखळी ताणलेली आहे म्हणूनही असेल. मामांपुढे मी ते बोलत नाही. हे इंजिन ते जुन्याच्या बरोबरीचं मानतात यात मला समाधान आहे, कारण तेच तर करायचं होतं.

राहता राहिला जुना ब्लॉक. भंगारवाला किलोवर न्यायला तयार होता आणि मामांना ते जमेना. मिस्त्रींच्या ओळखीचे एक आयटीआयचे निदेशक आहेत, त्यांनी मागून घेतला. मुलांना शिकवायला त्यांनी तो मधोमध कापला. मी बघायला गेलो होतो. सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटेत गाळाचे थर तसेच होते, खालचा जाड, वरचा पातळ, आणि बोअरच्या भिंतीवर ते खड्डे. एका मुलानं त्यातल्या एका खड्ड्यात नख घातलं आणि विचारलं, सर, हे पाण्यानं झालं की गाळानं? सरांनी त्याला उत्तर दिलं नाही, फळ्यावर सिलिंडर, इनटेकचा उघडा व्हॉल्व्ह आणि पाण्याची पातळी काढली आणि म्हणाले, सांग तूच. निघताना त्यांनी मला विचारलं, ती तुटलेली साखळीची पट्टी आणि चर पडलेलं कव्हर ठेवलंय का? कव्हर गाडीतच आहे, पट्टीचा तुकडा मिस्त्रींच्या डब्यात होता. हायलक्सचं चेंबरही शेडमध्ये पडून होतं. दोन्ही पुढच्या आठवड्यात नेऊन दिलं.